पापांच्या नाकाने निवडलेल्या बारा वाइन

ला कोम्ब, ८ जून

प्रिय गियेम,

तुझं पत्र मिळालं. अकरा वर्षांनी माणूस पत्र लिहितो आणि विचारतो काय, तर उन्हाळ्यातल्या साध्या जेवणाबरोबर कोणत्या स्वस्त वाइन ठेवाव्यात! बहीण कशी आहे, जगली का मेली, काही नाही. पत्र मी कामावर, वाइन सोसायटीच्या काउंटरवरच फोडलं आणि एकटीच हसत बसले. समोर पाच लिटरचा कॅन भरून घ्यायला आलेला माणूस म्हणाला, "काय ओदील, लॉटरी लागली का?" म्हटलं, "लागली बाबा. भाऊ जिवंत आहे."

तर तू क्वेबेकमध्ये नदीकाठी खानावळ काढलीस. सहा टेबलं, कागदी रुमाल, गोदीतली माणसं आणि पोराबाळांसकट येणारी कुटुंबं. फळ्यावर बारा फ्रेंच वाइन लिहायच्या, महाग एकही नको, आणि वर मथळा, 'पापांच्या नाकाने निवडलेल्या'. मथळ्यापाशी माझं हसू थांबलं. पण मी पापांना विचारलं. ते म्हणाले, "लिही त्याला." म्हणून लिहितेय.

त्या ऑक्टोबरात तळघरात तू पापांना सगळ्यांसमोर जे बोललास आणि त्यावर मी जे बोलले, ते ह्या पत्रांत नको. आपण खाण्यापिण्याचं बोलू.

शिंपले आणि कालवं असतील तर पिकपूल. आपल्याकडच्या समुद्रकाठची, हिरवट बाटलीतली. लिंबाचं काम ती वाइनच करते, तेव्हा ताटात लिंबाची फोड ठेवायची गरज नाही. भाजलेल्या सार्डिनना मस्कादे. पापा म्हणतात, सार्डिनला तेल सुटतं आणि मस्कादे ते तेल धुऊन काढते, बाकी काही विचार करायचा नाही. खरबूज आणि खारवलेलं हॅम असेल तर फिकी रोझे. कोणी त्यात बर्फाचा खडा टाकला तर टाकू दे, नाक मुरडू नकोस. उन्हात माणसं तहानेने पितात.

इकडे सगळं ठीक. पापा ब्याऐंशीचे झाले. वरचा मळा फेब्रुवारीत उपटून टाकला. सरकारची योजना आहे, वाइन पिणारे कमी झालेत म्हणून वेली कमी करायच्या. पापांनी सही करताना माझ्याकडे पाहिलंही नाही. "गुडघे चालत नाहीत," म्हणाले. त्यामुळे आता पाइनचं रान आणि आपली सात घरं यांच्यामध्ये काहीच नाही, नुसतं वाळलेलं गवत. उपटलेली खोडं सिल्वेतच्या घरामागे, मळ्याच्या रानाकडच्या टोकाला ढीग लावून पडलीत. ट्रॅक्टरवाला चार महिने "उद्या नेतो" म्हणतोय. सिल्वेत तुला आठवतेच. आई गेल्यावर तुला मांडीवर घेऊन सूप पाजायची, तीच शेजारीण. ती ढिगातलं एकेक खोड चुलीसाठी पळवते आणि म्हणते, "नेऊ नकोस सांग त्याला, मला दहा वर्षं पुरेल."

तुझी
ओदील

ला कोम्ब, २२ जून

प्रिय गियेम,

उत्तर अजून नाही. टपाल समुद्र पोहून जातं बहुतेक. तरी पुढचं लिहिते, नाहीतर तुझा फळा रिकामा राहायचा.

शुक्रवारी सिल्वेतने आयोली केली. लसणीचं ते पिवळं मलम, उकडलेला खारा मासा, गाजरं, बटाटे, अंडी. तिने लसूण इतकी घातली होती की मांजर टेबलाखालून उठून गेली. मी क्लेरेतची पांढरी उघडली. तुझ्या गिऱ्हाइकांना हीच दे. लसणीसमोर नाजूक वाइन ठेवली तर तिचा जीव जातो. क्लेरेत जाडजूड बाई आहे, तिला काही होत नाही.

पापांनी नेहमीसारखा ग्लास उचलला, डोळे मिटले, नाक आत घातलं. सिल्वेत हात जोडून वाट बघत बसली. "काय हो फेरेओल? निकाल द्या लवकर, मासा गार होतोय."

"बडीशेप," पापा म्हणाले. "आणि मागून पिकलं सफरचंद."

"बघा!" सिल्वेत मला म्हणाली. "मला फक्त लसूण येतेय. देवाने यांना नाक दिलं आणि आम्हाला नुसती जागा दिली."

बडीशेप मी म्हणाले होते. बाटली उघडताना, सहज, ओट्यापाशी. सफरचंदही मीच. आमची सवयच झालीय तशी. मी वास घेते, आपल्याशीच काहीतरी पुटपुटते, पापा ते मोठ्याने आणि छान करून सांगतात. कधी मी बोलत नाही, तर ते माझ्या भुवयांकडे बघतात. डावी वर गेली की वाइनमध्ये खोट आहे. ह्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. म्हातारपणी माणसाला जरा सोबत लागते, एवढंच.

लाल हवीच असेल तर सॉसेज आणि थंड मांसाच्या ताटाबरोबर बोजोले. लाल वाइन उन्हाळ्यात खोलीच्या उष्णतेवर देऊ नकोस, खोलीच तापलेली असते. अर्धा तास बर्फाच्या बादलीत ठेव. लोक म्हणतील अडाणी आहे. म्हणू देत. घोट घेतल्यावर गप्प बसतील.

सेर्स वारा सुरू झालाय. यंदा लवकर.

ओदील

ला कोम्ब, १४ जुलै

प्रिय गियेम,

आज राष्ट्रीय सणाचं सामुदायिक जेवण होतं, गावच्या चौकात. लांब टेबलं, प्रत्येकाने आपापली ताटं घेऊन यायचं. मी टोमॅटो आणि तुळशीची पानं, वर ऑलिव्ह तेल, एवढंच नेलं. टोमॅटोबरोबर वाइन जुळवणं अवघड. टोमॅटो आंबट, वाइन त्याहून आंबट हवी. गॅस्कनीची पांढरी चालते, आणि ती तुझ्याकडेही कमी भावात मिळत असणार. थंड कोंबडीलाही तीच दे.

सरपंच स्वतः बाटली घेऊन पापांपाशी आले. "फेरेओल, ही बिघडलीय असं माझी बायको म्हणते. तुम्ही सांगाल ते खरं." मी मागे उभी होते. पापांना माझा चेहरा दिसत नव्हता. त्यांनी ग्लासात नाक घातलं, खूप वेळ ठेवलं. मग म्हणाले, "उत्तम आहे. बायकोला सांगा, ग्लास नीट धुवा."

सगळे हसले. सरपंचांच्या बायकोचे गाल लाल झाले. बाटली टेबलभर फिरली. गियेम, तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास मारत होता. बूच सडलेलं होतं. वीस माणसांनी ती प्यायली आणि वीस जणांनी मान डोलावली. मीसुद्धा.

हे लिहायचं नव्हतं, पण हात थांबत नाही तेव्हा तेही सांगून टाकते. मंगळवारी मी सोसायटीतून घरी आले तर दारातच गॅसचा वास. डोळ्यांत पाणी येण्याइतका. शेगडीचा खटका उघडा होता, वर गार भांडं, आणि पापा शेगडीपासून दोन हातांवर बसून पेपर वाचत होते. तोंडात न पेटवलेली सिगरेट होती, काडेपेटी हातात. मी काडेपेटी हिसकावली. खिडक्या उघडल्या. ते म्हणाले, "काय झालं?"

मी म्हणाले, "काही नाही, डाळ करपली."

डाळ नव्हतीच. भांड्यात पाणी होतं. त्यांनी भांड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पेपर उलटला. तेव्हापासून मी कामावर जाताना सिलिंडर बंद करून जाते. त्यांना सांगितलं, नळी जुनी झालीय.

हे कुणाला सांगू नकोस. फळ्यावर काय लिहायचं ते लिही.

ओदील

ला कोम्ब, २७ जुलै

गियेम,

तुझं पत्र आलं. दोन ओळी. 'पापांना वास येतो का? खरं सांग.'

तू अकरा वर्षं तिकडे बर्फात बसून होतास आणि आता इथे नाक खुपसतोस. ब्याऐंशीव्या वर्षी कुणाचंच नाक विशीतलं राहत नाही. थोडं कमी झालंय. मुळीच गेलेलं नाही. सकाळी कॉफीजवळ ते डोळे मिटतात, मी पाहिलंय.

आणि समजा गेलंय, तर मी काय करू? चौकात दवंडी पिटू? इथे अजून लोक त्यांना विचारतात. चीज खाण्याजोगं आहे का, वादळ येईल का, मांस शिळं आहे का. रस्त्याने चालले की माणसं उभी राहून नमस्कार करतात ती त्या नाकाला करतात. मळा गेला, पिंपं विकली. नाक काढून घेतलं तर त्या माणसाचं उरतं काय? गुडघे?

तुझा राग मला कळतो. पण तुला इथे रोज राहावं लागत नाही, मला लागतं. मी रोज त्यांच्यासमोर ताट ठेवते. ते म्हणतात, "वा, रोझमेरी," आणि मी रोझमेरी घातलेलीच नसते.

गरमी वाईट आहे. ओढा जूनमध्येच आटला. जिल्हाधिकाऱ्यांनी मनाई हुकूम काढलाय, सप्टेंबरपर्यंत उघड्यावर चूल पेटवायची नाही, रानात जायचं नाही, शेतात यंत्र चालवायचं नाही. पण तुला आपली माणसं माहीत आहेत. रविवारी जुन्या वेलींच्या निखाऱ्यावर कोकराचे चॉप्स भाजले नाहीत तर त्यांना रविवार वाटत नाही. मागच्या रविवारीही कुठूनतरी तो वास आला. सिल्वेत अंगणात उभी राहून ओरडली, "कोण आहे रे तो हुकूम मोडणारा? एक चॉप इकडे पाठव, मी कुणाला सांगणार नाही!" आणि खरंच कुणी सांगत नाही. फायर ब्रिगेडला फोन केला की मागून पोलीस येतात, शेजाऱ्याला दंड होतो, आणि मग दहा वर्षं तो शेजारी आपल्याशी बोलत नाही. तेव्हा धूर दिसला तर लोक आधी वास घेतात. चॉप्सचा असेल तर गप्प बसतात.

ढीग अजून तिथेच आहे. मी ट्रॅक्टरवाल्याला तीनदा फोन केला. तो म्हणतो, आता हुकूम आहे, यंत्र चालवता येत नाही. बरोबरच आहे त्याचं.

ह्या खेपेला वाइन सुचवत नाही. सुचत नाही.

ओदील

५ ऑगस्ट

गियेम,

टीव्हीवर दाखवतात ते सगळं खरं मानू नकोस. आम्ही दोघं सुखरूप आहोत. पापांना खोकला आहे, बाकी ठीक. आम्हाला खालच्या गावातल्या शाळेच्या हॉलमध्ये ठेवलंय. खाटा स्वच्छ आहेत. जेवायला थंड पास्ता, मका आणि टूना, प्लास्टिकच्या ताटलीत. सोसायटीने रोझेचे खोके पाठवलेत, पण इथे ग्लास नाहीत, सगळे कॉफीच्या कपातून पितात. तुला लिहायचं म्हणून सांगते, ते जेवण आणि ती वाइन जुळते.

घराचं छप्पर अर्धं आहे असं ऐकलं. वर जायला बंदी आहे.

सिल्वेतबद्दल पुढच्या पत्रात लिहीन.

ओदील

शाळेचा हॉल, १९ ऑगस्ट

प्रिय गियेम,

आता सगळं लिहिते. मध्ये थांबले तर परत सुरू होणार नाही, म्हणून शाई कुठे फिसकटते ते बघू नकोस.

तीन तारखेचा रविवार. सेर्स तिसऱ्या दिवशीही वाहत होता. तुतीच्या झाडाखाली टेबल मांडलं होतं, पापा, सिल्वेत आणि मी. खरबूज कापलं होतं, हॅम होतं, गार रोझे होती. साडेबारा झाले असतील. वास आला.

जुन्या वेलीच्या खोडाचा निखारा कसा असतो ते तुला वेगळं सांगायला नको. गोडसर, जरासा कातड्यासारखा, आणि पोटात एकदम भूक उठते. माझ्याही तोंडाला पाणी सुटलं. सिल्वेत हसली, "आला परत आपला दरोडेखोर! आज तर जवळच पेटवलीय मेल्याने." मी वाऱ्याकडे पाठ करून बसले होते. रानाच्या बाजूला बघितलंसुद्धा नाही. रविवारी दुपारी आपल्याकडे तो वास आला की कुणी बघत नाही, ताट पुढे ओढतात.

मग सिल्वेतने काटा खाली ठेवला. "फेरेओल, मला हा वास बरा वाटत नाही. ह्यात डिंक आहे. पाइनचा."

तिचं बरोबर होतं. मलाही डिंक आला. गोड धुराच्या खाली, बारीक, पण होता. आणि मी काय केलं सांगू? मी पापांकडे बघितलं. त्यांना बारा वर्षं वास येत नाही हे जगात ज्या एका बाईला नक्की माहीत आहे, तिने त्यांच्याकडे बघितलं.

पापांनी नाक वर केलं. डोळे मिटले. त्यांची ती पद्धत तुला माहीत आहे, दोन बोटं वर, सगळ्यांनी गप्प बसायचं. आम्ही गप्प बसलो. माझ्या भुवया बघायला त्यांनी डोळे उघडले नाहीत, कारण प्रश्न वाइनचा नव्हता. "वेलीची खोडं," म्हणाले. "कोकराचे चॉप्स. वर थोडी थाईम टाकलीय. उगाच फोन करून कुणाचा तरी रविवार नासवू नकोस, सिल्वेत."

"डिंक नाही?"

"डिंक तुझ्या डोक्यात आहे."

ती हसली. "असेल बाई. तुमचं नाक, तुमचा निकाल." आणि तिने रोझे संपवली.

मी बोलायला हवं होतं. बोलायला काय लागतं? 'डिंक आहे' एवढे दोन शब्द. पण ते बोलले असते तर सिल्वेतला कळलं असतं की पापांना येत नाही, आणि संध्याकाळपर्यंत सातही घरांना. मी ते दोन शब्द गिळले आणि वर म्हणाले काय, "चॉप्सबरोबर कॉर्बियेरची लाल हवी, थोडी गार केलेली. गियेमला हे लिहायचं राहिलंय." हे मी मनात म्हणाले. मोठ्याने फक्त "बाटली आणते" म्हणाले आणि आत गेले. तुझ्या फळ्याची सातवी जागा मी तेव्हा भरत होते.

सिल्वेत दुपारची झोपायला घरी गेली. जाताना मला म्हणाली, "कॉर्बियेर माझ्यासाठी ठेव घोटभर, चारला येते." झोपताना ती कानातलं ऐकायचं मशीन काढून ठेवायची आणि खिडक्यांच्या झडपा लावून घ्यायची, गरमीसाठी.

आग रस्त्यापलीकडे लागली होती, रानामागे. ठिणग्या वाऱ्यावर पुढे आल्या आणि आपल्याच खोडांच्या ढिगावर पडल्या. चॉप्सचा वास तो होता. आपला मळा जळत होता, गियेम. पापांनी लावलेल्या, तू पोरवयात छाटलेल्या वेली. मळा उभा असता तर आग तिथे अडली असती, हिरवी वेल जळत नाही. फायर ब्रिगेडवाल्यांनीही हेच सांगितलं. उपटलेल्या जमिनीवर गवत होतं आणि गवताने आग घरांपर्यंत आणली.

ताटं आत नेऊन, भांडी घासून मी परत बाहेर आले तेव्हा सिल्वेतच्या छपरामागे आकाश पिवळं झालं होतं. आवाज आला. वारा नव्हता तो. मी पापांना ओढून गाडीत कोंबलं. सिल्वेतच्या दाराशी हॉर्न दाबून धरला. किती वेळ, मला माहीत नाही. उतरले नाही. दार उघडून पळत जायला वीस पावलं होती आणि पापा गाडीत खोकत होते. हॉर्न ऐकू येणार नाही हे मला माहीत होतं, तिचं मशीन कुठे ठेवते तेही माहीत होतं. मग काचेपुढे काही दिसेनासं झालं आणि मी गाडी खाली घेतली.

ती पलंगावर सापडली नाही. दारापाशी सापडली, आतल्या बाजूला.

आता जे तुला अकरा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं ते सांगते. त्या ऑक्टोबरात तळघरात तू म्हणालास, "पापा, ह्या पिंपाला व्हिनेगरचा वास मारतोय आणि तुम्हाला कळत नाहीये." पापा पांढरे पडले. सगळी गिऱ्हाइकं उभी होती, सिल्वेतही होती. ते म्हणाले, "ओदील, तू सांग." मी ग्लासात नाक घातलं. नाकाला झिणझिण्या आल्या, इतका मारत होता. मी म्हणाले, "मला काही येत नाही. चांगली आहे." तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन गेलास. ते पिंप मी हिवाळ्यात एकटीने ओढ्यात ओतलं. तू बरोबर होतास. मी त्या दिवशी खोटं बोलले, आणि मग ते खोटं जगवायला मला रोज बोलावं लागलं. सिल्वेतने स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवला नाही, कारण मी अकरा वर्षं तिला पापांच्या नाकावर ठेवायला शिकवलं.

आणि पत्रांतलंही एक. 'पापा म्हणतात' असं मी लिहीत होते ना? पापांना मी काही विचारलं नव्हतं. तुझं पत्र आल्याचंही सांगितलं नव्हतं. पिकपूल, मस्कादे, क्लेरेत, सगळ्या मी निवडल्या.

काल बंदी उठली. पापांना घेऊन वर गेले. आपलं अर्धं घर उभं आहे, तुतीचा खुंट आहे. सिल्वेतच्या घराच्या चार भिंती आहेत. पापा तिच्या दाराच्या जागी उभे राहिले, काठीवर दोन्ही हात ठेवून. मला वाटलं रडतील. रडले नाहीत. माझ्याकडे न बघता म्हणाले, "इथे वास कसा येतोय, ओदील?"

बारा वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी सांगितलं. ओल्या राखेचा, वायरींचा, आणि अजूनही थोडा गोड, खोडांचा.

"मला येत नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे, पापा."

"तुला माहीत आहे हे मला माहीत होतं." मग ते वळले. इतकं सरळ त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नसेल. "त्या दिवशी तुला येत होता. डिंक. येत होता ना?"

"हो."

"मग तू माझ्याकडे का बघितलंस?"

गियेम, मी काल दिवसभर आणि आज सकाळपासून ह्या प्रश्नाचं उत्तर शोधतेय. त्यांना दया दाखवली असं मला वाटायचं. पण मला त्यांचं नाक हवं होतं, त्यांच्यापेक्षा जास्त. ते नाक असेतोवर काहीही ठरवायची जबाबदारी माझी नव्हती. वास घ्यायची मी, निकाल द्यायचे ते, आणि काही बिघडलं तर माझं नाव कुठेच नाही.

उद्या दहा वाजता पोलीस येणार आहेत. फोन का केला नाही, धूर कशाचा आहे हे कुणी ठरवलं, असं विचारतील. पापा म्हणतात, "मी ठरवलं, मी तसंच सांगेन." मी सांगणार आहे की त्यांना वास येत नाही, मला येत होता, आणि मी गप्प बसले. सात घरांतली माणसं ह्याच हॉलमध्ये झोपतात. सिल्वेतची मुलगी तिसऱ्या खाटेवर आहे. तिलाही पोलिसांआधी मीच सांगेन, आज संध्याकाळी. मग आम्हाला ह्या हॉलमध्ये राहता येईल की नाही, माहीत नाही.

आत्ता पापा समोरच्या खाटेवर बसलेत. मघापासून माझं लिहिणं बघतायत. आता विचारलं, "कुणाला लिहितेस एवढं?"

"गियेमला," मी म्हणाले. "जूनपासून लिहितेय. तुमच्या नावाने."

त्यांनी माझ्या हातातल्या कागदांकडे बघितलं. मग काठी टेकवत उठले, माझ्या खाटेवर येऊन बसले आणि म्हणाले, "पहिल्या ओळीपासून वाच."

ओदील